चार सेकंदांचं नाव

वडगावात घरातलं भांडण चिघळलं की लोक चार वडीलधाऱ्यांना बोलावतात, देवापुढे नारळ ठेवतात, फारच झालं तर वकील करतात. मी माझ्या आईवडिलांचं भांडण अंतराळयानात नेऊन सोडवायचं ठरवलं. एका तासात, खात्रीनं. पूर्णिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी तसं छातीवर हात ठेवून सांगितलं. ती शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण एक शेंग जरा जोरात फुटली.

भांडणाचं मूळ जिलेबीत होतं. शहापुरात नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत बायकांनी माझ्या आईला नाव घ्यायला लावलं. आई म्हणजे अंबूबाई. उखाण्यात तिच्यासमोर उभं राहायची वडगावात कुणाची टाप नाही. सहा पॉवरलूम एकदम चालू असतात तेव्हाही तिच्या तोंडात काहीतरी यमक चालू असतं. मागाचा ठेका तिला फुकट मिळालेला. तिनं त्या दिवशी चार ओळींचं नाव घेतलं, पंगत खूश झाली, आणि मग सगळ्या बायका आप्पांकडे वळल्या. आता तुम्ही घ्या.

आप्पांनी हातातली जिलेबी बघितली, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "नाव कशाला? ही काय, बसलीया की."

पंगत हसली. आप्पांनी जिलेबी खाल्ली. आईनं पानावर पाणी सोडलं.

त्याला एकोणीस दिवस झाले होते. एकोणीस दिवस आई आप्पांशी एक शब्द बोलली नव्हती. जे काही असेल ते माझ्यामार्फत. आप्पा चुलीशेजारी बसलेले असायचे आणि आई मला मागच्या खोलीतून हाक मारून सांगायची, "परशा, त्यांना सांग, भाकरी निवाय लागलीया." मी यायचो. आप्पा म्हणायचे, "सांग, ऐकलं." मी परत जायचो. घरात माग चालायचे सहा, पण इकडून तिकडे पळणारा धोटा एकच होता, तो मी.

विसाव्या दिवशी आईनं पिशवी भरली. निपाणीला भावाकडे, भावकूमामाकडे जाते म्हणाली, साडेचारच्या गाडीनं. किती दिवस, असं मी विचारलं. पिशवीत वाकळ, म्हणजे जाड गोधडी, घडी करून घातलेली मला दिसली. मे महिन्यात वाकळ घेऊन निघालेली बाई चार दिवसांत परत येत नाही. सत्तरी ओलांडलेले आप्पा पिशवीकडे बघत नुसते पानाला चुना लावत बसले. तो चुना पानभर झाला, मग बोटभर झाला, मग मनगटापर्यंत गेला.

आता माझी योजना ऐका. खडेबाजाराच्या मागच्या अंगाला, भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक अंतराळयान आहे. म्हणजे तसा खेळ आहे. तुम्हाला यानात कोंडतात, तासाभरात कोडी सोडवून बाहेर पडायचं. माझा एक मित्र जाऊन आला होता. त्यानं सांगितलं, शेवटी काचेच्या दोन कुप्या असतात. दोघांनी दोन कुप्यांत बसायचं आणि माइकमध्ये एकमेकांचं नाव घ्यायचं. दोन्ही नावं जुळली की दार उघडतं.

हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. नाव घेतलं नाही म्हणून घर मोडायला निघालेलं, आणि नाव घेतल्याशिवाय दार उघडत नाही अशी जागा गावात तयार! मी लगेच फोनवरून चौघांची तीन वाजताची वेळ ठरवली. प्रवाशांची ओळखपत्रं पाठवा असं तिथं होतं. मी चार आधारकार्डांचे फोटो काढले, न बघता पाठवले आणि समाधानानं चहा प्यायलो.

आईला मी सांगितलं की स्टँडच्या वाटेवर एक प्रदर्शन आहे, बसायची सोय आहे. आप्पांनाही तेच सांगितलं, वर आई येणार नाही म्हणते असंही. ते लगेच टोपी घालून तयार झाले. दोघांना एका रिक्षात बसवलं. मधे पिशवी ठेवली होती. मी आणि पूर्णिमा मागून स्कूटरवर. रिक्षाच्या मागच्या खिडकीतून एक टोपी, एक पदर आणि मधे वाकळीचं टोक दिसत होतं.

यानाचे मालक मारुतीराव. एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. यान बंगळुरात असलेल्या भाच्यानं बांधून दिलं होतं, पण त्यातला संगणकाचा आवाज मारुतीरावांचा स्वतःचा होता. त्यामुळे आत शिरल्यावर अंतराळात आल्यासारखं कमी आणि दाखला काढायला आल्यासारखं जास्त वाटायचं.

"सन दोन हजार एकशे नव्वद," मारुतीराव टेबलावरचा कागद वाचून म्हणाले. "यान भरकटलंय. प्राणवायू साठ मिनिटं. चपला खाली रॅकमध्ये काढायच्या. फोन इथं टेबलावर ठेवायचे. कुणाला मधेच बाहेर यायचं असलं तर लाल बटण दाबायचं, पण मग खेळ रद्द. पिशवी आत नेता येत नाही."

आईनं पिशवी काखेत घट्ट धरली आणि मारुतीरावांकडे नुसतं बघितलं. मारुतीरावांनी कागद उलटा करून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं. "चालतंय," ते म्हणाले.

पहिल्या खोलीत भिंतभर तुटलेल्या रंगीत वायरी लोंबत होत्या. रंगाला रंग लावून जोडायच्या होत्या. लोकांना याला वीस मिनिटं लागतात म्हणे. पन्नास वर्षांत आप्पा तुटलेला धागा बघून कधी गप्प बसलेले नाहीत. ते काही न बोलता भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि तीन मिनिटांत भिंत जोडून मोकळे झाले. दोन वायरी मुळात सजावटीसाठी तोडलेल्या होत्या. त्याही जोडल्या. वरचा पंखा उलटा फिरायला लागला.

दुसरी खोली अवघड गेली. तिथं डाव्या भिंतीवरच्या आकड्यात उजव्या भिंतीवरचा आकडा मिळवायचा होता. डावीकडे आप्पा उभे होते, उजवीकडे आई. मधे दीड हात जागा.

"परशा, सांग, हिकडं सतरा हाय," आप्पा म्हणाले.

मी आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं.

"आई, सतरा."

"आत्ता कळलं," आई म्हणाली. "त्यांना सांग, हिकडं सव्वीस."

असे आकडे अकरा होते. मी त्या दीड हाताच्या जागेत अकरा वेळा गेलो आणि अकरा वेळा आलो. पूर्णिमा कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या ग्रहावर बसून बघत होती. शेवटच्या आकड्याला माझाच गोंधळ झाला आणि मी आईचा आकडा आईलाच सांगितला. ती म्हणाली, "त्यांचं डोकं चालंना झालंय म्हणून सांग." आप्पा म्हणाले, "सांग, ऐकलं."

तरीही वीस मिनिटं शिल्लक असताना आम्ही कुप्यांपाशी पोचलो. मी मनात म्हटलं, आलं जमत.

काचेच्या दोन कुप्या समोरासमोर होत्या. प्रत्येकीत एक स्टूल, एक माइक, वर लाल दिवा. दाराला डोक्याच्या उंचीवर हवेसाठी जाळी होती. बाहेर उभं राहिलं की जाळीतून आतल्याचं बोलणं ऐकू यायचं, पण पंख्याच्या घरघरीमुळे एका कुपीतलं दुसऱ्या कुपीत जायचं नाही. आई आपणहून आत गेली, कारण तिथं स्टूल होतं. आप्पाही गेले. दारं लागली. आणि मारुतीरावांचा आवाज छतातून आला.

"ओळख पटवा. टिंग वाजल्यावर सहप्रवाशाचं नाव सांगा. मुदत चार सेकंद."

टिंग वाजलं.

"मी ह्यांचं नाव घ्यायची न्हाय," आई म्हणाली.

"नाव जुळले नाही," छत म्हणालं.

मी जाळीला तोंड लावून तिला समजावलं. दार उघडलं नाही तर मारुतीराव वेळ संपेपर्यंत सोडणार नाहीत, मग वायरी सरळ करून घेणार, सही घेणार, आणि साडेचारची गाडी जाणार. मी यातलं निम्मं बनवून सांगितलं, पण गाडीचं नाव काढल्यावर आई थांबली. बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"बसगाडीपुरतं घेते," ती शेवटी म्हणाली. "राग तसाच ऱ्हाणार. त्यांना सांग."

मी पलीकडे जाऊन सांगितलं. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नाव तर घेतीया."

आता आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव कशी घेते ते मी तुम्हाला सांगायला नको. ती सरळ नाव उच्चारून मोकळी होत नाही. आई उठली. डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात टिंग वाजून गेलं. पदराचं टोक कानामागं सारलं. पुन्हा टिंग वाजून गेलं. तिसऱ्या टिंगेला ती तयार होती. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

"शहापुरी साडीला डाळिंबी काठ,
पदरावर मोर बसले मोजून आठ,
सासऱ्यांनी घालून दिला संसाराचा पाठ,
तम्मण्णांचं नाव घेते, सोडा आता गाठ."

काय सुंदर होतं! मी त्या काचेला हात लावून उभा होतो आणि एका क्षणाला विसरलो की आपण कोंडलेले आहोत. पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाव जुळले नाही," छत म्हणालं. आणि जरा थांबून, हा आवाज रेकॉर्ड केलेला नव्हता, "अहो, ते डाळिंबी काठापर्यंतच घेतंय. पुढचं सिस्टिम घेत नाही."

मी आईला म्हटलं, जरा आटोपशीर घे. तिनं ते अपमानासारखं घेतलं, पण दोन ओळींवर आली.

"तांब्यात पाणी, पाण्यात तुळस,
तम्मण्णांचं नाव घ्यायला कसला आळस."

"नाव जुळले नाही," छत म्हणालं. "त पर्यंत आलं होतं बघा."

पंधरा मिनिटं राहिली होती. मी हात जोडले. म्हटलं, आई, नाव आधी घे, बाकीचं नंतर सावकाश म्हण.

आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी साडी पदराकडून नेसायला सांगितली. "आधी नाव? मग त्यो उखाणा कसला रं? हजेरी हाय काय?"

पण ती मुळात कारागीर. अडचण आली की तिच्यातली विणणारी जागी होते. ती स्टुलावर बसली, मांडीवर बोटांनी ठेका धरला, ओठांतल्या ओठांत काहीतरी उसवलं, पुन्हा गुंफलं. चार टिंगा तशाच गेल्या. मग ती ताठ बसली.

"तम्मण्णांच्या घरात सहा माग, म्हणून तर माझ्या..."

टुंग. तिच्या डोक्यावरचा दिवा हिरवा झाला. आईनं वर बघितलं. "माझं व्हायचं होतं अजून," ती म्हणाली, आणि दिव्याकडे बघत बघत उरलेला उखाणा पुरा केला. संगणकासाठी नव्हे, यमकासाठी.

मी पूर्णिमाकडे वळून भुवया उंचावल्या. निम्मं काम झालं होतं. आईचा उखाणा मी आप्पांच्या जाळीशी जाऊन सांगितला. आता त्यांनी एक शब्द बोलायचा होता.

आप्पांच्या कुपीत टिंग वाजलं.

आप्पा माइककडे झुकले. "ही," ते म्हणाले.

"नाव जुळले नाही."

"परशाची आई."

"नाव जुळले नाही."

"घरातली मंडळी."

"नाव जुळले नाही. एकवचनात सांगा."

मी जाळीतून अक्षरशः कळवळून म्हटलं, "आप्पा, नाव! अंबूबाई म्हणा की." आप्पांचे कान लाल झाले. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी ते कुणासमोर उच्चारलं नव्हतं. हाक मारायची झाली तर ते खोकायचे. एक खोकला म्हणजे चहा, दोन म्हणजे हिशोबाची वही, तीन म्हणजे पाहुणे आलेत. घरात सगळ्यांना तो कळायचा. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, खाली बघितलं आणि नव्या नवरदेवासारखं पुटपुटले, "अंबूबाई."

मी दाराकडे वळलो.

"नाव जुळले नाही," छत म्हणालं.

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. पुन्हा तेच. मी ओरडून मारुतीरावांना सांगितलं की तुमचं यंत्र बिघडलंय, माझ्या आईचं नाव अंबूबाई आहे, सगळ्या वडगावला ठाऊक आहे.

"इल्लरी, तसं नाही," छतातून कागद चाळल्याचा आवाज आला. "वडगावचं काय ते वडगावात. तुम्ही जे कार्ड पाठवलंय त्यावर दुसरं नाव आहे. कार्डावरचं तेच चालणार."

"मग कार्डावरचं काय आहे?"

"ते आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्हाला ठाऊक पाहिजे."

मला ठाऊक नव्हतं, आणि कार्डाचा फोटो असलेला फोन बाहेर टेबलावर होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लग्नात नाव बदललं तरी आईचे कागद माहेरच्या शाळेच्या दाखल्यावरून झाले होते, आणि ते कुणी बदललेच नव्हते. मी पूर्णिमाकडे बघितलं. तिनं मान हलवली. मग मी आईच्या जाळीशी गेलो, सगळं सांगितलं आणि विचारलं, "आई, तुझं माहेरचं नाव काय?"

आठ मिनिटं राहिली होती. आईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मी न्हाय सांगायची," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "त्यांना ठाऊक असंल तर घेऊ दे. नसंल तर मला निपाणीला गेल्यावर कोणतरी त्या नावानं हाक मारंल. आई गेल्यापासनं भावकूच तेवढा मारतोय."

मी मधल्या जागेत उभा राहिलो. एकोणीस दिवस मी जे निरोप इकडून तिकडे नेले ते सगळे मिळून या एका निरोपाएवढे जड नव्हते. आप्पांच्या जाळीशी गेलो आणि जसाच्या तसा सांगितला.

आप्पांनी "सांग, ऐकलं" असं म्हटलं नाही.

छत म्हणालं, "प्राणवायू पाच मिनिटे." टिंग वाजलं. आप्पा गप्प. पुन्हा टिंग. गप्प. मला वाटलं, संपलं. आई आता दिवाळीपर्यंत काही परत येत नाही.

मग ते मला म्हणाले, हळू आवाजात, "लगनात भटजीनं ताटात तांदूळ पसरलं. म्हणालं, अंगठीनं नवरीचं नवं नाव लिव्ह. मी लिव्हलं. शेजारी बसल्याली ती. तांदळाकडं बघत हुती. मला वाटलं, हिला इचाराय पायजे हुतं, चालतंय काय म्हणून. सगळी टाळ्या वाजवाय लागली. ऱ्हाऊन गेलं."

"आप्पा, जुनं नाव आठवतंय का?"

"आठवाय काय झालं? बघाय गेलतो तवा तिच्या आईनं हाक मारली, बाळे, पाणी आण. बाळाबाई."

मी जवळजवळ नाचलो. म्हटलं, माइकमध्ये म्हणा, आत्ता, एवढं एकच!

आप्पांनी मान हलवली. "तिनं माझं यमकात घेतलंय," ते म्हणाले. "मी काय हजेरी घ्यायची?"

मी त्यांना सांगितलं की चार सेकंदच आहेत. आईची तीच चूक झाली होती हे सांगितलं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, टोपी घातली, नीट केली, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवायला लागले. ज्या माणसानं जन्मात कवितेची ओळ केली नाही तो माणूस यमक शोधताना कसा दिसतो, ते मी त्या दिवशी बघितलं. सुई शोधतोय असं वाटत होतं. तीन मिनिटं. दोन. पूर्णिमानं माझा दंड धरला होता.

शेवटच्या मिनिटाला टिंग वाजलं. आप्पा उभे राहिले. माइककडे त्यांची पाठ होती. ते समोरच्या काचेकडे, आईकडे तोंड करून बोलले.

"निपाणीची तंबाखू, वडगावचा माग,
बाळाबाईचं नाव घेतो, सोड आता राग."

तंबाखूपाशीच मुदत संपली होती. छतानं सांगितलं, नाव जुळले नाही. यानातले सगळे दिवे लाल झाले, कुठूनतरी भोंगा वाजायला लागला, आप्पांनी जोडलेला पंखा जोरात उलटा फिरला आणि मारुतीरावांचा आवाज म्हणाला, "प्राणवायू संपला. सर्व प्रवासी मृत घोषित करण्यात येत आहेत. चपला खालच्या रॅकमध्ये आहेत."

आईच्या कुपीत त्यातला एक शब्दही पोचला नसणार असं मला वाटलं. पण पॉवरलूमच्या खडखडाटात चव्वेचाळीस वर्षं काढलेली बाई कानानं ऐकतच नाही. ती ओठ बघते. तिनं दोन्ही ओळी बघितल्या होत्या. लाल उजेडात ती पदर तोंडाला लावून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे की हसते आहे ते काचेतून कळेना.

दारं उघडली. आई बाहेर आली, माझ्यासमोरून गेली आणि सरळ आप्पांसमोर जाऊन उभी राहिली. मी सवयीनं मधे सरकलो. तिनं मला हातानं बाजूला केलं.

"यमक जुळलंय," ती त्यांना म्हणाली. "पर तंबाखू कशाला घातलासा? माझ्या माहेरात तेवढीच दिसली व्हय तुमास्नी?"

"मग काय घालू?" आप्पा म्हणाले. "बिडी?"

आणि ते दोघं त्या उखाण्याची दुरुस्ती करत जिना उतरायला लागले. वाकळीची पिशवी आप्पांच्या खांद्यावर होती. साडेचारच्या गाडीनं दोघंही जाणार होते. भावकूमामाकडे चार दिवस राहून येतो म्हणाले, तोवर माग बघ म्हणाले. शेवटच्या पायरीवर आई थांबली आणि तिनं वळून बघितलं. मला वाटलं, आता आभार मानेल.

"परशा," ती म्हणाली, "तुला माझं नाव ठाऊक नव्हतं व्हय रं?"

"आई, तू आई आहेस," मी म्हणालो.

"त्ये खरं," ती म्हणाली आणि गेली.

मी मारुतीरावांच्या वहीत हरल्याची सही केली, पंखा सरळ करून दिला आणि स्कूटर काढली. पूर्णिमा मागं बसली. मी उत्साहात होतो. म्हटलं, बघितलंस ना, एका तासात सोडवतो म्हणालो होतो. बाजार मागं पडला. वडगावचा रस्ता लागला. मग माझ्या कानाशी तिचा अगदी शांत आवाज आला.

"अवो, माझ्या आईचं नाव काय?"

बारा वर्षं सासरी गेलो की मी त्या बाईच्या हातचं जेवतो आहे. बारा वर्षं तिला 'मामी' म्हणतो आहे.

मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.